हरकती व सूचना मागवण्याच्या आधी

आमच्या शहराच्या कला आणि संस्कृतीविषयक आराखड्याचा पहिला मसुदा नागरिकांपुढे ठेवला गेला, तेव्हा त्यात बदल करण्यासारखे फारसे काही उरलेले नव्हते. तो एका सल्लागार संस्थेने तयार केला होता, छपाई देखणी होती आणि त्यात तीन मोठ्या योजना होत्या : एक नवे भव्य सभागृह, एक वार्षिक महोत्सव आणि मुख्य रस्त्यांवरील भिंतींवर चित्रे. प्रस्तावनेत नागरिकांच्या सहभागाचा गौरवाने उल्लेख होता. प्रत्यक्षात तो सहभाग म्हणजे मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना पाठवण्याची मुभा, एवढाच होता. आलेल्या सूचना मोजक्या होत्या आणि त्यांतील बहुतेक संघटित संस्थांच्या होत्या, कारण जाडजूड अहवाल वाचून त्यावर मुद्देसूद पत्र लिहिण्याची सवय ज्यांना असते, तेच अशा आवाहनाला उत्तर देतात. काही लोकप्रतिनिधींनी सभेत नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले, मसुदा परत गेला आणि तो नव्याने करण्यासाठी अधिकारी, कलावंत आणि रहिवासी यांची समिती नेमली गेली. हौशी नाटकांची प्रकाशयोजना मी बरीच वर्षे करत आलो असलो, तरी कोणत्याही संस्थेचा पदाधिकारी नव्हतो. बहुधा याच कारणाने रहिवाशांच्या बाजूने माझे नाव पुढे आले.

समितीचे सुरुवातीचे काम लोकांपर्यंत जाण्याचे नव्हतेच, तर आपापसात एक गोष्ट ठरवण्याचे होते : लोकांना जे विचारायचे, त्यातले किती त्यांच्या हाती खरोखर सोपवायचे आहे? शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासिकेने १९६९ साली नागरिक-सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या तळाशी लोकांना केवळ हाताळण्याचे प्रकार येतात, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे आणि नावापुरते सामावून घेणे येते, आणि वरच्या पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेला अधिकार व नागरिकांचे नियंत्रण येते. ही मांडणी आता जुनी झाली आहे आणि तिच्यावर टीकाही बरीच झाली आहे, परंतु आम्हाला तिचा उपयोग एका साध्या कामासाठी झाला. आराखड्यातील एकेक निर्णय घेऊन तो शिडीच्या कोणत्या पायरीवर बसतो, हे आम्ही भिंतीवर लावलेल्या कागदावर लिहीत गेलो. संस्कृतीसाठीची एकूण वार्षिक तरतूद अंदाजपत्रकाच्या वेळी लोकप्रतिनिधींची सभाच ठरवणार होती. तेथे लोकांना फक्त माहिती द्यायची होती. सार्वजनिक इमारतींमधील खोल्या कोणी, कधी आणि कोणत्या अटींवर वापरायच्या, हे रहिवाशांबरोबर बसून ठरवता येण्यासारखे होते. लहान अनुदानांचा निधी मात्र पूर्णपणे त्यांच्या हाती सोपवता येत होता. हा कागद नंतर स्वच्छ लिहून आम्ही पहिल्या जाहीर बैठकीच्या आधीच प्रसिद्ध केला.

यावर समितीत चांगलाच वाद झाला होता. काही कलावंत सदस्यांना वाटत होते की मर्यादा आधीच सांगितल्या तर लोकांचा उत्साह मावळेल. लेखा विभागातील एका अनुभवी अधिकाऱ्यांचे म्हणणे याच्या उलट होते : जे देता येणार नाही, ते मागायला लावू नका. पुढे जे घडले ते पाहता मला त्यांचेच म्हणणे बरोबर वाटते. मर्यादा आधी कळल्यामुळे बैठकांमध्ये ‘हे सगळे आधीच ठरलेले आहे’ हा आरोप पूर्वीसारखा सरसकट होऊ शकला नाही. जे ठरलेले होते ते कागदावर होते आणि जे ठरायचे होते त्यावर बोलणे भाग होते.

दुसरा वाद संस्कृती कशाला म्हणायचे याचा होता आणि तो लवकर संपेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. युनेस्कोने १९८२ साली मेक्सिको सिटी येथे भरवलेल्या सांस्कृतिक धोरणांच्या जागतिक परिषदेने संस्कृतीची फार व्यापक व्याख्या स्वीकारली आहे. तीत कला व साहित्याबरोबरच जगण्याच्या पद्धती, मूल्ये, परंपरा आणि श्रद्धा यांचाही समावेश होतो. तत्त्व म्हणून ही व्याख्या उदार आहे, पण नियोजनासाठी ती हाताळणे कठीण जाते, कारण मग शहरातील असे काहीच उरत नाही की जे आराखड्यात येत नाही. त्यामुळे आम्ही कामापुरती एक मर्यादा आखली. जे लोक स्वतःहून, पोटापाण्याच्या पलीकडे किंवा त्याच्याबरोबरीने, इतरांसह करतात, शिकतात, सादर करतात किंवा जपतात ते आराखड्यात घ्यायचे, आणि त्याचा दर्जा कोणता हा प्रश्न या टप्प्यावर विचारायचाच नाही. दर्जाचा प्रश्न टाळल्याबद्दल एक ज्येष्ठ चित्रकार सदस्य शेवटपर्यंत नाराज राहिले. त्यांची नाराजी निराधार नव्हती, हे अनुदानांच्या वेळी कळले.

आता लोकांना विचारायचे काय, याकडे मी येतो, कारण माझ्या मते साऱ्या प्रक्रियेचे भवितव्य येथेच ठरले. आधीच्या सल्लागारांची प्रश्नावली हाताशी होती आणि वेळ वाचवण्यासाठी तीच सुरुवातीला वापरली गेली. तिचा मुख्य प्रश्न असा होता : आपल्या शहरात कोणत्या सांस्कृतिक सुविधा असाव्यात असे आपणास वाटते? पहिल्या दोन-तीन बैठकांत या प्रश्नाची जी उत्तरे आली, ती जवळजवळ एकसारखी होती. लोकांनी सभागृह मागितले, कलादालन मागितले, संग्रहालय मागितले. यात खोटे काहीच नव्हते. पण सुविधांची नावे विचारली की माणूस इतर शहरांत पाहिलेल्या इमारतींची नावे सांगतो, आणि आपण स्वतः आठवड्यातून कितीदा कशासाठी घराबाहेर पडतो हे त्या उत्तरात कोठेच येत नाही. गाणाऱ्या माणसाने आणि कधीही न गाणाऱ्या माणसाने एकच उत्तर दिले, तर त्या उत्तरावर नियोजन कसे करणार?

म्हणून प्रश्न बदलण्यात आला. गेल्या वर्षभरात आपण गाणे, वाद्य, नाटक, नृत्य, चित्र, हस्तकला, वाचन, लेखन किंवा यासारखे काय केले, ते कोठे केले, कोणाबरोबर केले, जे करायचे मनात होते पण राहून गेले, ते कशामुळे राहिले? या चार प्रश्नांनी बैठकांचा नूर पालटला. उत्तरांत इमारती जवळपास दिसेनाशा झाल्या आणि त्यांच्या जागी अडचणी आल्या. तालमीला जागा मिळते पण ती रात्री लवकर बंद होते. जागा आहे, पण शेजारी तक्रार करतात. वाद्ये ठेवायला कुलूपबंद कपाट नाही, म्हणून दर वेळी ती घरून आणावी लागतात आणि मोठी वाद्ये वाजवणारे हळूहळू येईनासे होतात. कार्यक्रम संपल्यावर परत जायला बस नसते. लहान मुलांना कोणाजवळ ठेवायचे हा प्रश्न सुटत नाही. परवानगीसाठी तीन खिडक्यांवर जावे लागते. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका वादकाने सांगितले की प्रेक्षागृहात शिरायला उतार आहे, पण रंगमंचावर चढायला नाही. म्हणजे तो ऐकायला येऊ शकतो, वाजवायला नाही. हे वाक्य पुढे आराखड्यात जवळजवळ जसेच्या तसे उतरले.

कारणांची ही यादी पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात येत होती. लोकांना अडवणाऱ्या बहुतेक गोष्टी संस्कृती विभागाच्या अखत्यारीतच नव्हत्या. बसचे वेळापत्रक वाहतूक विभागाकडे, पथदिवे विद्युत विभागाकडे, शाळांच्या खोल्या शिक्षण विभागाकडे आणि ध्वनिमर्यादेचे नियम आणखी कोणाकडे. बार्सिलोना येथे ८ मे २००४ रोजी जगातील अनेक शहरांच्या प्रतिनिधींनी ‘संस्कृतीसाठी अजेंडा २१’ हा जाहीरनामा मंजूर केला, त्यातही संस्कृतीला शहराच्या इतर सर्व धोरणांमध्ये स्थान असावे हा आग्रह आहे. आम्ही तो जाहीरनामा आधी वाचला होता आणि मान्यही केला होता, पण त्याचा व्यावहारिक अर्थ काय, हे बसच्या वेळेची तक्रार दहाव्यांदा ऐकल्यावर उमगले. त्यानंतर इतर विभागांचे अधिकारी बैठकांना निमंत्रित म्हणून नव्हे, तर उत्तरदायी म्हणून बोलावले जाऊ लागले.

प्रश्न बदलल्यावरही येणारी माणसे मात्र बदलली नाहीत. जाहीर बैठकीला ज्यांच्याकडे संध्याकाळची वेळ आहे, ज्यांना चारचौघांत बोलण्याची सवय आहे आणि ज्यांचे आधीच काही काम अडले आहे, अशीच माणसे येतात. तरुण फार कमी होते, पाळ्यांमध्ये काम करणारे जवळजवळ नव्हते आणि अलीकडे शहरात राहायला आलेले लोक तर अजिबात दिसत नव्हते. तेव्हा आम्ही चिठ्ठ्या टाकून निवड करण्याचा मार्ग घेतला. ही कल्पना नवी नाही. बेल्जियमच्या जर्मनभाषक प्रदेशात २०१९ पासून चिठ्ठीने निवडलेल्या नागरिकांची कायमस्वरूपी परिषद प्रत्यक्ष काम करते आहे. आम्ही केले ते त्याच्या तुलनेत अगदीच माफक होते : रहिवाशांच्या यादीतून यादृच्छिक पद्धतीने पत्रे पाठवायची, होकार देणाऱ्यांमधून वय, लिंग आणि वस्तीचा समतोल राखत पुन्हा निवड करायची, आणि निवडलेल्यांना त्यांच्या वेळेचा मोबदला द्यायचा. मोबदल्याला सुरुवातीला विरोध झाला. नागरिकाचे कर्तव्य पैशासाठी केले जाऊ नये, असे काहींचे मत होते. पण त्याच टेबलाभोवती बसलेले अधिकारी आणि सल्लागार पगारावर किंवा मानधनावर बसलेले असताना फक्त रहिवाशानेच रोजचे काम बुडवून फुकट यावे, हा युक्तिवाद फार काळ टिकला नाही. मुलांना सांभाळण्याची सोय आणि दुभाष्या या दोन गोष्टींवर झालेला खर्चही नंतर कोणी प्रश्नांकित केला नाही.

चिठ्ठीने आलेल्या या मंडळींबरोबर आम्ही शहराचा सांस्कृतिक नकाशा तयार केला आणि सगळ्यात जास्त वेळ मी याच कामात दिला. नकाशात तीन थर ठेवायचे ठरले : जागा, माणसे आणि वेळा. पहिल्या दोहोंबद्दल सगळेच बोलतात. तिसऱ्या थराने खरी माहिती दिली. एकेका प्रभागात लहान गटाने पायी फिरायचे, दिसेल ती सार्वजनिक किंवा निमसार्वजनिक खोली पाहायची, ती दिवसाच्या कोणत्या तासांत वापरात असते आणि कधी रिकामी असते हे विचारून लिहायचे, असा शिरस्ता होता. रंगमंचामागे राहून काम केलेल्या माणसाला खोली वेगळ्या रीतीने दिसते, म्हणून मी नोंदीच्या तक्त्यात काही रकाने वाढवून घेतले. दाराची रुंदी किती, म्हणजे नेपथ्याची चौकट किंवा पियानो आत जाईल का, विजेच्या जोडणीचा भार किती, म्हणजे दिवे लावल्यावर फ्यूज उडणार का, छताची उंची, आवाज शेजारी कितपत जातो, खोलीत प्रतिध्वनी किती, हवा खेळते का, स्वच्छतागृह कोठे आहे, आणि सर्वांत शेवटी, किल्ली कोणाकडे असते. हा शेवटचा रकाना मी अर्धवट गमतीने घातला होता, पण पुढे सगळ्यात जास्त चर्चा त्याच्यावरच झाली, कारण बहुतेक रिकाम्या खोल्या रिकाम्या राहण्याचे कारण नियम हे नव्हते, तर संध्याकाळी थांबून कुलूप लावण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, हे होते.

नकाशा भरत गेला तशी एक अडचण समोर आली, जिचा विचार अशा कामांच्या मार्गदर्शिकांमध्ये पुरेसा केलेला असतो असे मला वाटत नाही. काही गटांना नकाशावर यायचेच नव्हते. एका तळघरात संगीताचा सराव करणाऱ्या मुलांनी आम्हाला आत घेतले, सगळे दाखवले आणि मग विनंती केली की ही जागा लिहू नका, कारण तिला ज्या वापरासाठी परवानगी आहे त्यात सराव बसत नाही. प्रशासनाच्या समितीने केलेली नोंद उद्या प्रशासनाच्याच दुसऱ्या विभागाला कारवाईसाठी वापरता येऊ शकते, ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नव्हती. बरीच चर्चा होऊन असे ठरले की गटाच्या लेखी संमतीशिवाय जागेची नोंद होणार नाही. त्याऐवजी त्या प्रभागात अशा सरावाची गरज आहे एवढेच, ठिकाण न देता, लिहिले जाईल. त्यामुळे नकाशा जरा अपुरा दिसतो. तो तसाच राहू दिला, हे मला योग्य वाटते.

भित्तिचित्रांच्या योजनेवरची चर्चा वेगळ्या कारणाने लांबली. इमारतीच्या खर्चाचा किमान एक टक्का कलाकृतीवर खर्च करण्याचे धोरण फिलाडेल्फिया शहराने १९५९ साली स्वीकारले आणि तेव्हापासून जगभर अनेक ठिकाणी तशी तरतूद असते. पण पैसा असणे आणि कलाकृतीला तेथील लोकांचे मन मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या चर्चेत न्यूयॉर्कमधील रिचर्ड सेरा यांच्या पोलादी कलाकृतीचे उदाहरण वारंवार आले. सुमारे ३६ मीटर लांब आणि साडेतीन मीटरहून उंच अशी ती वक्र भिंत १९८१ साली सरकारी कार्यालयांसमोरच्या चौकात उभारली गेली, रोज तो चौक ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती नकोशी झाली, १९८५ साली जाहीर सुनावणी झाली आणि १९८९ साली ती हलवण्यात आली. या प्रकरणातली बोचरी बाब अशी, की सुनावणीत बोललेल्यांपैकी बहुसंख्य लोक कलाकृती ठेवावी या मताचे होते. त्यांत कलाक्षेत्रातील लोक मोठ्या संख्येने होते. विरोध करणाऱ्यांत आसपासच्या कार्यालयांत काम करणारे अधिक होते. म्हणजे उशिरा घेतलेल्या सुनावणीने प्रश्न सुटला नाही, फक्त दोन बाजू पक्क्या झाल्या.

याच्या उलट उदाहरणही समितीतल्या एका शिल्पकार बाईंनी तितक्याच जोराने मांडले. इंग्लंडमधील गेट्सहेड येथे १९९८ साली उभे राहिलेले अँटनी गॉर्मली यांचे देवदूताचे २० मीटर उंच आणि ५४ मीटर पंखविस्ताराचे शिल्प उभारण्याआधी स्थानिकांचा विरोध मोठा होता. त्या वेळी मतदान घेतले असते तर ते कदाचित उभेच राहिले नसते, आणि आज ते त्या भागाची ओळख झाले आहे. मग लोकांना विचारायचे की नाही? या प्रश्नाचे मोजूनमापून उत्तर आम्हाला सापडले नाही आणि सापडल्याचा आव आम्ही आणलाही नाही. आम्ही जे ठरवले ते असे : चित्र कोणते असावे यावर मतदान घ्यायचे नाही, पण जागा कोणती, ती जागा रोज कोण वापरते, त्या जागेच्या कोणत्या आठवणी आहेत आणि कलाकृती किती काळ राहील, हे चार मुद्दे कलावंत निवडण्याच्या आधी तेथील लोकांबरोबर बसून लिहायचे आणि तो कागद कलावंताच्या करारनाम्याला जोडायचा. मुदत संपल्यावर कलाकृती ठेवायची की नाही, हे मात्र परिसरातील लोकांनी ठरवायचे. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भिंतीबद्दल हा कागद तयार करताना तेथे काम केलेल्यांची कुटुंबे आणि नव्याने राहायला आलेली कुटुंबे यांच्यात तीव्र मतभेद झाले. पहिल्यांना भिंत जशी आहे तशी हवी होती, दुसऱ्यांना ती रंगवून हवी होती. शेवटी त्या भिंतीचे नाव यादीतून काढले गेले. काहींना हा पराभव वाटला. मला तो प्रक्रियेचा उपयोग वाटला, कारण रंग लावल्यानंतर हा वाद झाला असता तर तो मिटवायला भिंतच पाडावी लागली असती.

लहान अनुदानांच्या निधीबाबत थोडक्यात सांगतो. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ साली सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली आणि पुढे ती जगभर पोहोचली. आमचा निधी त्याच विचाराचा छोटा अवतार होता. अर्ज एका पानाचा, निकष चिठ्ठीने निवडलेल्या रहिवाशांच्या मंडळाने आधी ठरवून जाहीर केलेले, आणि ज्याच्या गटाचा अर्ज चर्चेला येईल त्या सदस्याने खोलीबाहेर जायचे, एवढे नियम होते. दर्जाचा टाळलेला प्रश्न येथे परत आला. एका अर्जातील काम सर्वांना आवडत होते पण ते कच्चे होते. दुसऱ्यातील काम पक्के होते, पण त्यात शहरातील कोणाचाच सहभाग नव्हता. मंडळाने निधीचे दोन भाग केले आणि दोन्हींसाठी निकष वेगळे ठेवले. ज्येष्ठ चित्रकारांनी दुसऱ्या भागाचे निकष लिहायला मदत केली आणि ते निकष पहिल्या भागाच्या निकषांपेक्षा कितीतरी नेमके झाले, हे नोंदवायला हवे.

आता सभागृहाविषयी. पहिल्या मसुद्याचा तो कणा होता आणि बऱ्याच जणांच्या आशा त्याच्यावर खिळल्या होत्या. रहिवाशांच्या मंडळाने बांधकामाचा खर्च बाजूला ठेवून दरवर्षीचा खर्च मागितला : कर्मचारी, वीज, वातानुकूलन, दुरुस्ती, विमा, रंगमंचाची तांत्रिक देखभाल. बांधकामासाठी अनुदान एकदा मिळू शकते. चालवण्याचा खर्च मात्र कायमचा असतो, आणि तो भागवण्यासाठी भाडे वाढवले की ज्या हौशी गटांच्या नावाने इमारत उभी राहते तेच गट तिच्यात पाऊल ठेवू शकत नाहीत. मी माझ्या अनुभवातून एवढेच मांडले की मोठा रंगमंच उजळायला दिवे जास्त लागतात, ते चालवायला माणसे जास्त लागतात आणि हजार खुर्च्यांसमोर शंभर प्रेक्षक बसले की कलावंताचा धीर सुटतो. नकाशातील रिकाम्या खोल्यांची यादी शेजारी ठेवल्यावर मंडळाचा कल स्पष्ट झाला. सभागृह रद्द झाले नाही, पुढे ढकलले गेले. आधी शाळा, ग्रंथालय आणि इतर सार्वजनिक इमारतींमधील निवडक खोल्या सरावासाठी आणि छोट्या प्रयोगांसाठी सज्ज करायच्या, त्यांना विजेचा पुरेसा भार, कुलूपबंद कपाटे आणि रंगमंचापर्यंत जाणारा उतार द्यायचा, आणि संध्याकाळी किल्लीची जबाबदारी घेणारा पगारी माणूस नेमायचा, असा क्रम लागला.

सगळ्यात कंटाळवाणे काम त्यानंतरचे होते आणि मला तेच सर्वाधिक महत्त्वाचे वाटते. आलेल्या प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्यायचे, असे आम्ही सुरुवातीलाच जाहीर केले होते. एकसारख्या सूचना एकत्र केल्या तरी तक्ता लांबलचक झाला. प्रत्येक ओळीत सूचना, ती स्वीकारली की अंशतः स्वीकारली की नाकारली, कारण आणि संबंधित विभाग, असे लिहायचे होते. ‘नोंद घेतली’ हे उत्तर वापरायचे नाही, असा नियम रहिवासी सदस्यांनी आग्रहाने करून घेतला, आणि त्या एका नियमामुळे अनेक विभागांना पहिल्यांदाच कारण शोधावे लागले. कित्येकदा कारण लिहायला बसल्यावर ते पटण्यासारखे नाही हे अधिकाऱ्यांच्याच ध्यानात आले आणि नकाराचा होकार झाला. शेवटच्या बसची वेळ कार्यक्रमांच्या दिवशी पुढे नेण्याची सूचना अशीच मार्गी लागली. नकार मिळालेल्या लोकांपैकी काही चिडले, काहींनी पुन्हा अर्ज केले. पण तक्ता प्रसिद्ध झाल्यावर झालेल्या बैठकीला आलेली गर्दी पहिल्या बैठकीपेक्षा मोठी होती आणि बरेच जण आपली ओळ शोधून, तिच्यावर खूण करून आले होते.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यातील सत्ताविसावे कलम समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मुक्तपणे सहभागी होण्याचा प्रत्येकाचा हक्क सांगते. नव्या आराखड्याच्या पहिल्या पानावर ते छापावे की नाही, यावर समितीत मतभेद होते. मी छापू नये या बाजूचा होतो, कारण पहिल्या मसुद्याच्या प्रस्तावनेतही अशीच सुंदर वाक्ये होती. शेवटी ते छापले गेले, पण त्याच्या लगेच खाली, कोणता निर्णय कोणाच्या हाती आहे हे सांगणारा आमचा सुरुवातीचा कागद छापण्याच्या अटीवर.

आराखडा सभेत मंजूर झाला. दरवर्षी आढावा घ्यायचा आणि चिठ्ठीने निवडलेल्या मंडळातील काही सदस्य दर वर्षी बदलायचे, अशी तरतूद त्यात आहे. पहिल्या आढाव्यात खोल्यांचे काम ठरल्यापेक्षा मागे पडलेले दिसले. किल्लीसाठी माणसे नेमण्याचा ठराव झाला होता, पण पदे कोणत्या विभागाच्या आस्थापनेवर दाखवायची यावर दोन विभागांचे एकमत होत नव्हते. मंडळाने दोन्ही विभागप्रमुखांना एकाच बैठकीत बोलावून ते इतिवृत्तात लिहून घेतले. तळघरातील मुलांच्या गटाने एका शाळेची खोली मागितली आहे आणि त्यांचे नाव आता त्यांच्याच इच्छेने नकाशावर आहे. सभागृहाचा विषय पुढील वर्षीच्या मंडळापुढे येणार असून, त्या वेळी बांधकामाच्या अंदाजाबरोबर दरवर्षीच्या खर्चाचे पत्रकही ठेवायचे आहे. त्या पत्रकातील रंगमंचाच्या तांत्रिक देखभालीचा भाग लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.